मेंदूतल्या पाण्याचा निचरा

‘पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की आमच्या पलूस भागात नातेवाइकांचे चेहरे उतरतात. रुग्ण बहुधा मिरजेच्या किंवा सांगलीच्या एखाद्या दवाखान्यात असतो. आठ-पंधरा दिवसांचा ताप, डोकेदुखी, उलट्या, मूल गुंगीत. डॉक्टर घाई करत असतात आणि घरची मंडळी गावाकडच्या जाणत्या माणसाला विचारायला निघालेली असतात, कारण ‘पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ हे सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पालक अशा वेळी शिक्षकाचा सल्ला घेतात, हा आमचा अनुभव आहे. म्हणून या पाण्याची हकीकत शिक्षकांना ठाऊक असलेली बरी. हकीकत मोठी आहे. तिची सुरुवात अडीचशे वर्षांपूर्वीची आहे आणि शेवटचा भाग अजून लिहून व्हायचा आहे.

आधी भीतीचं पाहू. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या स्वच्छ, नितळ द्रवात बुडालेले असतात त्याला मस्तिष्क-मेरुद्रव म्हणतात. आपण नुसतं मेरुद्रव म्हणू. प्रौढ माणसात तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, म्हणजे चहाच्या दीड कपाएवढा. पण दिवसाला तो तयार होतो जवळजवळ ५०० मिलिलिटर. याचा अर्थ सगळा साठा दिवसातून तीन-चार वेळा बदलला जातो. तपासणीसाठी काढतात ते काही मिलिलिटर शरीर तासाभरात भरून काढतं. सुई टोचतात ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे. प्रौढाचा मज्जारज्जू त्याच्या वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपलेला असतो. खाली उरतात ते द्रवात लोंबणारे मज्जातंतूंचे दोरे, आणि ते सुईच्या टोकापासून सहसा बाजूला सरकतात. काही वेळा दोन-चार दिवस डोकं दुखतं. कवटीतला दाब फार वाढला असेल तर डॉक्टर आधी ते तपासून मगच सुई टोचतात. लुळेपणा येतो तो बहुतेक वेळा मूळ आजारामुळे, आणि दोष जातो सुईला.

हा द्रव तिथे कशासाठी आहे? एक उपयोग वर्गात दाखवता येतो. ताणकाट्याला दगड टांगा, वजन पाहा, मग दगड पाण्यात बुडवून पुन्हा पाहा. मेंदू दगडापेक्षा पुष्कळच हलका आहे. त्याची घनता मेरुद्रवापेक्षा जेमतेम तीन टक्क्यांनी जास्त. त्यामुळे सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मेंदू द्रवात तरंगताना फक्त ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. हा आधार नसता तर मेंदूच्या तळाच्या शिरा आणि मज्जातंतू त्याच्याच भाराने चेपले गेले असते. आर्किमिडीजचं तत्त्व शिकवताना जहाजाच्या जोडीला हे उदाहरण जरूर द्यावं.

आता इतिहास. इतका द्रव डोक्यात असूनही तो शरीरशास्त्रज्ञांना शतकानुशतकं नीट दिसला नाही, ही मोठी गंमत आहे. मेंदूत पोकळ्या आहेत हे गेलनच्या काळापासून, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून माहीत होतं. पण त्या पोकळ्यांमध्ये एक सूक्ष्म प्राणवायुसदृश तत्त्व भरलेलं असतं आणि तेच नसांमधून वाहून हालचाल घडवतं, अशी समजूत होती. पुढे प्रेतांचं विच्छेदन सुरू झालं, तरी समजूत टिकली. कारण साधं होतं. विच्छेदक आधी प्रेताचं डोकं धडापासून वेगळं करत. मान कापली की द्रव वाहून जाई. नंतर कवटी उघडली की पोकळ्या रिकाम्या! रिकाम्या जागेत मग काहीही कल्पावं.

नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या तरुण वैद्याने १७६४ मध्ये क्रम बदलला. तो मांडीच्या नसेच्या दुखण्याचा, म्हणजे आपण सायटिका म्हणतो त्याचा अभ्यास करत होता. त्याने प्रेत उभं ठेवून, डोकं न कापता, आधी कमरेपाशी पाठीचा कणा उघडला. भळभळ पाणी आलं. त्याने सुमारे वीस प्रेतांवर हे करून पाहिलं, आणि मेंदूभोवतीचं पाणी व कण्यातलं पाणी एकच आहे असं सांगितलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याच्या पुस्तकाचा विषय सायटिका असल्यामुळे बाकीच्यांचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. सुमारे ६० वर्षांनी फ्रान्सच्या माजँदीने जिवंत प्राण्यांमध्ये तोच द्रव दाखवला, त्याला नाव दिलं आणि मग तो सर्वमान्य झाला.

इथे एक खुलासा करावासा वाटतो. वाग्भटाने कफाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तर्पक कफ डोक्यात राहून इंद्रियांचं तर्पण करतो. तर्पक कफ म्हणजेच मेरुद्रव, असं हल्ली ठामपणे लिहिलेलं वाचायला मिळतं. आम्हाला ते पटत नाही. डोक्यात स्निग्ध, पोषक असं काही आहे हा विचार आदरणीय आहे. पण कोतुन्योचं महत्त्व विचारात नसून वीस वेळा कणा उघडून पाहण्यात आहे. दोन्ही गोष्टी एकच म्हटल्या की दोन्हींवर अन्याय होतो.

द्रव वाहतो कुठून कुठे, हे पुढच्या दीडशे वर्षांत कळलं. स्टॉकहोममध्ये की आणि रेत्सिउस यांनी १८७५ च्या सुमारास प्रेतांमध्ये रंगीत जिलेटिन भरून त्याचा माग काढला. ते मेंदूच्या आवरणांमधून वर सरकून कवटीच्या माथ्याखालच्या मोठ्या नीलेत उतरलेलं दिसलं. पण सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेत वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१३-१४ मध्ये केला. मेंदूच्या तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीला जोडणारी एक बारीक नळी असते. कुत्र्याच्या मेंदूतली ही नळी त्यांनी कापसाच्या बोळ्याने बंद केली. तिच्या वरच्या पोकळ्या फुगल्या. म्हणजे पाणी वरच तयार होतं आणि खाली यायला त्याला तेवढीच वाट आहे. बाळांचं डोकं पाण्याने मोठं होतं त्या आजाराचं कोडं या बोळ्याने सोडवलं. त्या आजाराला आपल्याकडे ‘डोक्यात पाणी होणं’ म्हणतात, आणि हे नाव अगदी बरोबर आहे. हार्वी कुशिंग या शल्यविशारदाने १९२५ मध्ये एडिंबरोच्या व्याख्यानात मेरुद्रवाच्या या प्रवासाला ‘तिसरं अभिसरण’ म्हटलं. पहिलं रक्ताचं, दुसरं लसिकेचं आणि तिसरं हे.

कुत्र्याच्या मेंदूत कापसाने जे केलं, ते आपल्याकडे क्षयरोग मुलांच्या मेंदूत करत होता. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरले की मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट साका जमतो. मेरुद्रवाची वाट नेमकी तिथूनच जाते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात डॉ. दराब दस्तुर यांनी मेंदूच्या विकृतींची प्रयोगशाळा उभी केली. बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी यांच्याबरोबर त्यांनी या आजाराने दगावलेल्या मुलांच्या मेंदूंचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९६६ चा आहे. १९७० मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रुग्णांच्या मेंदूंचं वर्णन प्रसिद्ध केलं. तळाशी साका, त्यात गुरफटून आकसलेल्या धमन्या, वर पाण्याने फुगलेल्या पोकळ्या. या एका चित्रामागे किती घरं असतील याची कल्पना करवत नाही. जगातल्या पुस्तकांत क्षयाच्या मेंदूज्वराचं जे वर्णन येतं, त्यात मुंबईच्या या कामाचा मोठा वाटा आहे. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र दस्तुरांचं नाव कुठे आढळत नाही.

तुंबलेलं पाणी बाहेर काढायचं कसं? मेंदूच्या पोकळीतून बारीक नळी घालून ती हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे न्यावी, ही कल्पना अमेरिकेत पुढे आली. अडचण अशी की हृदयाकडून रक्त उलट नळीत चढे आणि गोठे. आमच्या भागात हा प्रश्न कोणीही शेतकरी सोडवील. नदीवरच्या मोटरीच्या नळीला खाली फुटवॉल बसवतात. पाणी वर जातं, पण मोटर बंद झाल्यावर परत खाली येत नाही. असाच एकमार्गी झडपेचा विचार फिलाडेल्फियातल्या जॉन होल्टर या कारखान्यातल्या तंत्रज्ञाने केला. त्याचा स्वतःचा मुलगा डोक्यात पाणी झालेला होता. होल्टरने सिलिकॉन रबराला चिरा पाडून अशी झडप बनवली, की आतला दाब ठरावीक मर्यादेवर गेला तरच चीर उघडते आणि द्रव एकाच दिशेने जातो. १९५६ मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवली गेली. औंध संस्थानात १९१० साली माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीत, म्हणजे आमच्या तालुक्यातच, पंपांचा कारखाना आहे. तिथे काम करणाऱ्यांची मुलं आमच्या वर्गांत असतात. त्यांना ही गोष्ट सांगितली की मेंदूचा धडा एकदम ओळखीचा होतो. क्षयाच्या मेंदूज्वरात अशी नळी घालून मुलं वाचवता येतात, असा अनुभव मुंबईचे शल्यविशारद डॉ. एस. एन. भगवती यांनी १९७१ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात मांडला. आता नळी बहुधा पोटाच्या पोकळीत सोडतात. पण ती घालायची वेळ कळण्यासाठी निदान लवकर व्हावं लागतं, आणि निदानासाठी पाठीतलं पाणी लागतं. जन्मतः दिलेली बीसीजीची लस लहान मुलांना या आजारापासून बऱ्याच अंशी वाचवते, हेही पालकांना सांगायला हवं.

इथपर्यंतची हकीकत मेंदूच्या भोवतालच्या आणि पोकळ्यांमधल्या पाण्याची झाली. मेंदूच्या मांसात, पेशी-पेशींच्या फटींत काय चालतं, हा प्रश्न निराळा आणि अधिक अवघड होता.

निचरा म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या मुलांना शिकवावं लागत नाही. नदीवर उपसा योजना झाल्या, उसाला बारमाही पाणी मिळालं. काळ्या जमिनीत वर दिलेलं जादा पाणी खाली जाऊन बसलं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पाण्याची पातळी वर चढली, तिच्याबरोबर विरघळलेले क्षार चढले, पाणी उडून गेलं आणि क्षार पृष्ठभागावर पांढरे फुटले. सोन्यासारखं रान चोपण झालं. उपाय म्हणून आता जमिनीखाली भोकांचे पाईप पुरून पाणी ओढ्याकडे काढून देतात. पाणी आणून देणं आणि वापरलेलं पाणी काढून नेणं या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, हे आमच्या भागाला फार मोल देऊन कळलं.

शरीरात दुसऱ्या व्यवस्थेचं काम लसिका वाहिन्या करतात. रक्तकेशिकांतून झिरपलेला द्रव, प्रथिनं आणि पेशींची घाण गोळा करून त्या पुन्हा रक्तात सोडतात. हत्तीरोगात या वाहिन्या तुंबतात आणि पाय सुजतो तो यामुळेच. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायूचा खप सुमारे २० टक्के. एवढा उद्योग म्हणजे कचराही तेवढा. आणि पाठ्यपुस्तकं सांगत, मेंदूत लसिका वाहिन्या नाहीत! मग कचरा जातो कुठे? बराच काळ उत्तर असं होतं की तो विसरणाने, म्हणजे पाण्यात शाईचा थेंब आपोआप पसरतो तसा पसरत मेरुद्रवात पोहोचतो. काही कचरा पेशी स्वतः मोडतात, काही थेट रक्तात ढकलला जातो, हेही खरं आहे. पण मोठ्या प्रथिनांना विसरणाने मेंदूतून बाहेर यायला फार वेळ लागेल.

अमेरिकेतल्या हेलन सर यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत एक चतुर युक्ती वापरली. साचलेल्या पाण्यात लहान रेणू भराभर पसरतात, मोठे हळू. पण कृष्णेच्या प्रवाहात काडी आणि ओंडका एकाच वेगाने पुढे जातात. सर यांनी वेगवेगळ्या आकारांचे रेणू उंदरांच्या मेंदूत सोडले. ते जवळजवळ सारख्याच दराने बाहेर पडले. म्हणजे फटींतलं पाणी साचलेलं नाही, ते वाहतं आहे. १९८५ मध्ये मेरिलंडच्या मार्शल रेनेल्स आणि पॅट्रिशिया ग्रेडी यांनी मांजर-कुत्र्यांच्या मेरुद्रवात एक खूण-प्रथिन सोडलं. काही मिनिटांतच ते धमन्यांच्या कडेकडेने मेंदूत खोलवर पोहोचलं. धमन्यांची उसळी कमी केली की ते पोहोचणंही कमी झालं. पण दुसऱ्या प्रयोगशाळेत प्रवाह फार मंद आणि कधी इकडे कधी तिकडे दिसला, आणि विषय पंचवीसेक वर्षं बाजूला पडला.

तो पुन्हा वर आला २०१२ मध्ये. रॉचेस्टर विद्यापीठात मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने, जेफ्री इलिफ हे निबंधाचे पहिले लेखक, जिवंत उंदराच्या कवटीला बारीक खिडकी करून खास सूक्ष्मदर्शकातून आत पाहिलं. जिवंतच पाहायला हवं होतं, कारण हृदय थांबलं की हा प्रवाह मोडतो. त्यांचं म्हणणं असं : मेरुद्रव धमन्यांभोवतीच्या बारीक फटीतून आत येतो, मेंदूच्या मांसातून झिरपतो आणि कचरा घेऊन शिरांच्या कडेने बाहेर जातो. रक्तवाहिन्यांना ताराकृती पेशींच्या पायांनी वेढलेलं असतं. त्या पायांवर पाण्यासाठी खास दारं असतात, ॲक्वापोरीन-४ नावाच्या प्रथिनाची. ही दारं नसलेल्या उंदरांत कचरा बाहेर जाण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. ताराकृती पेशी ग्लिया या वर्गातल्या, म्हणून ग्लिया आणि लिम्फ यांचा जोड करून या व्यवस्थेला ग्लिम्फॅटिक म्हटलं गेलं.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याच गटाने सांगितलं की झोपेत पेशींमधल्या फटी रुंदावतात. जाग्या उंदरात त्या मेंदूच्या १४ टक्के जागा व्यापतात, झोपेत २३ टक्के. अल्झायमरच्या आजारात मेंदूत साचणारं अमायलॉइड-बीटा हे प्रथिन झोपलेल्या उंदरातून दुपटीने लवकर बाहेर गेलं. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? ‘झोप म्हणजे मेंदूची झाडलोट’ हे वाक्य जगभर फिरलं.

२०१५ मध्ये आणखी एक धक्का बसला. व्हर्जिनिया विद्यापीठात अँटवान लूव्हो आणि जोनाथन किपनिस यांना उंदराच्या मेंदूच्या आवरणात चक्क लसिका वाहिन्या सापडल्या. हेलसिंकीत कारी अलितालो यांच्या गटालाही त्याच वर्षी त्या स्वतंत्रपणे दिसल्या. इतकी वर्षं त्या का दिसल्या नव्हत्या? एक कारण म्हणजे, आवरण कवटीपासून सोलून काढताना ही नाजूक रचना फाटते. लूव्होने आवरण कवटीला चिकटलेलं असतानाच रसायनाने पक्कं केलं आणि मग सोललं. कोतुन्योने डोकं कापण्याआधी कणा उघडला होता, त्याच जातीची ही युक्ती. आणि मौज पुढेच आहे. इटलीत पाओलो मास्कान्यी याने १७८७ मध्येच मेंदूच्या आवरणात लसिका वाहिन्या असल्याचं नोंदवलं होतं. पुढच्यांनी ते खोडून टाकलं होतं.

झोपेचा मुद्दा मात्र अजून वादात आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या निक फ्रँक्स यांच्या गटाने २०२४ मध्ये उंदरांवरच वेगळ्या पद्धतीने मोजलं, आणि त्यांना उलट दिसलं. झोपेत रंगद्रव्य बाहेर जाणं सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं होतं आणि भूल दिल्यावर त्याहूनही कमी. नेडरगार्ड यांच्या बाजूने त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. मेंदूत सुई घातली की प्रवाहच बिघडतो, असा एक मुद्दा. माणसांविषयीचा पुरावा थोडा आहे, पण आहे. बॉस्टनमध्ये २०१९ साली गाढ झोपेतल्या माणसांच्या मेंदूत मेरुद्रवाच्या मोठ्या संथ लाटा एमआरआयमध्ये दिसल्या. ओस्लोत पेर क्रिस्टियन आयदे आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यातच एक खूणद्रव्य सोडून एमआरआयने त्याचा माग घेतला. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्यांना एक रात्र जागं ठेवलं, त्यांच्या मेंदूतून ते द्रव्य बाहेर जायला वेळ लागला, आणि पुढच्या रात्रीच्या झोपेने ती तूट भरून निघाली नाही.

हे वाचताना आम्हाला आठवतात ती रात्रीच्या पाळीची लाईट आली की बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जाणारी माणसं, आणि त्यांच्याबरोबर जाऊन सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलं. या जागरणाने त्यांना पुढे विस्मरणाचा आजार होईल, असं आज कोणी सांगू शकत नाही. एका रात्रीच्या जागरणाचं मोजमाप झालं आहे, वीस वर्षांच्या रात्रपाळ्यांचं व्हायचं आहे. मात्र जागरणाने दुसऱ्या दिवशीचं लक्ष आणि स्मरण मंदावतं, हे वेगळ्या प्रयोगांनी पुरेसं सिद्ध झालेलं आहे. त्याला ग्लिम्फॅटिकच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायला नको. अशा मुलाला पहिल्या तासाला उभं करण्यापेक्षा रात्री लाईट किती वाजता आली होती, हे विचारावं.